स्नेह आणि शौच : पंचकर्म कक्षातील पृष्ठभागांची स्वच्छता

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी वैद्य व परिचारक यांचे प्रत्येकी चार गुण सांगितले आहेत. त्यांपैकी दाक्ष्य आणि शौच हे दोनच गुण दोघांच्याही ठिकाणी अपेक्षिले आहेत. वैद्याइतके शास्त्राध्ययन परिचारकाचे नसले तरी चिकित्सा अडत नाही. शौचातून मात्र दोघांपैकी कोणासही सूट नाही.

सुश्रुताचार्य याच्याही पुढे जातात. निदानस्थानातील कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोग एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे कसे संक्रमित होतात हे सांगताना त्यांनी गात्रसंस्पर्श, निःश्वास व सहभोजन यांच्याबरोबरच एकाच शय्येचा व आसनाचा उपयोग आणि दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपन यांचा उपयोग हीही कारणे नोंदविली आहेत. हीच यादी आपल्या पंचकर्म कक्षाच्या दारात उभे राहून वाचावी. शय्या म्हणजे अभ्यंगाची द्रोणी, आसन म्हणजे स्वेदपेटीतील स्टूल, वस्त्र म्हणजे टॉवेल व चादर आणि अनुलेपन म्हणजे तेल व लेप. या चारही वस्तू आपल्याकडे दिवसभर एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जात असतात.

सामान्य बाह्यरुग्ण विभागात रुग्ण अंगावर वस्त्रे असताना तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटे आडवा होतो. आपला रुग्ण जवळजवळ विवस्त्र स्थितीत पाऊण तास द्रोणीवर असतो. त्याची त्वचा तेलाने मृदू व स्वेदनाने आर्द्र झालेली असते. त्यातही आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत त्वग्विकाराचे रुग्ण पुष्कळ असतात. गेल्या दशकभरात आपल्या देशात दद्रूचे, म्हणजे गजकर्णाचे, स्वरूप अधिक चिवट झाले आहे. २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळालेली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. कंबरदुखीसाठी आलेला रुग्ण कटिबस्तीने बरा होऊन जाताना जांघेत दद्रू घेऊन गेला, तर आपण केलेल्या चिकित्सेचा हिशोब काय मांडायचा? म्हणूनच हा विषय केवळ नीटनेटकेपणाचा नसून चिकित्सेच्या यशापयशाचा आहे, असे आम्ही मानतो.

तीन शब्द, तीन अर्थ

या विषयात तीन क्रिया एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. त्या प्रथम वेगळ्या करू. स्वच्छता म्हणजे मळ, तेल, रक्त, स्राव व त्वचेचे कोंडे पृष्ठभागावरून दूर करणे. जंतुनाशन म्हणजे स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावरील बहुतेक रोगकारक जंतू रासायनिक द्रव्याने वा उष्णतेने नष्ट करणे. यात जंतूंचे बीजाणू शिल्लक राहू शकतात. निर्जंतुकीकरण म्हणजे बीजाणूंसह सर्व जंतूंचा संपूर्ण नाश करणे.

कोणत्या वस्तूला कोणती क्रिया हवी, याचा सोपा निकष अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर घालून दिला आणि तो आजही जगभर वापरला जातो. जी वस्तू त्वचा भेदून आत जाते किंवा मुळात जंतुरहित असलेल्या अवयवात प्रवेश करते, तिचे निर्जंतुकीकरण हवे. सिरावेध व विद्धकर्माच्या सुया आणि उत्तरबस्तीची नलिका या वर्गात येतात. जी वस्तू श्लेष्मल त्वचेला स्पर्श करते, तिला उच्च प्रतीचे जंतुनाशन हवे, किंवा ती एकदाच वापरून टाकून द्यावी. बस्तिनेत्र व नस्याचा ड्रॉपर ही याची उदाहरणे. जी वस्तू केवळ अक्षत त्वचेला लागते, तिला स्वच्छता व साधे जंतुनाशन पुरते. द्रोणी, स्वेदपेटी, स्टूल व धारापात्राचा स्टँड या वर्गात आहेत. मात्र 'पुरते' याचा अर्थ 'नाही केले तरी चालते' असा नव्हे.

तेलाच्या थराखाली

आपल्या कक्षातील खरी अडचण अन्य चिकित्सालयांपेक्षा वेगळी आहे, आणि ती म्हणजे स्नेह. बहुतेक जंतुनाशक द्रव्ये पाण्यात विरघळवून वापरली जातात. तेल व पाणी मिसळत नाहीत. तेलकट पृष्ठभागावर असे द्रावण फवारले की त्याचे थेंब होऊन ते ओघळून जाते. तेलाच्या पातळ थराखाली अडकलेल्या कोंड्यापर्यंत व जंतूंपर्यंत ते पोहोचतच नाही. क्लोरीनयुक्त द्रव्यांच्या बाबतीत आणखी एक हानी होते. तेल, घाम, रक्त व पीठ अशा सेंद्रिय पदार्थांवर क्लोरीन खर्च होतो आणि जंतूंसाठी फारसा उरत नाही.

'आमचे तेल निंबसिद्ध आहे, त्यात जंतू कसे राहतील?' असा प्रश्न काही वैद्यमित्र विचारतात. औषधी तेलाचे त्वचेवरील गुण कोणी नाकारीत नाही. परंतु तेलाचा थर जंतूंना ओल्या वाफेपासूनही झाकून ठेवतो. म्हणूनच तेलाचे निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होत नाही, त्यासाठी १६० अंश सेल्सिअस तापमानाची कोरडी उष्णता दोन तास द्यावी लागते. द्रोणीवर सांडलेले, दहा जणांच्या अंगाला लागलेले तेल हे औषध राहत नाही. तो मळच होय.

दुसरीकडे, कोरड्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरही जंतू दीर्घकाळ तग धरतात. यकृतशोथ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. पूयजनक स्टॅफिलोकोकस जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे राहू शकतात. दद्रूची बुरशी गळून पडलेल्या कोंड्यात महिनोन्महिने टिकते. खरजेचा किडा शरीराबाहेर दोन-तीन दिवस जगतो. सकाळच्या रुग्णाचे देणे संध्याकाळच्या रुग्णाला मिळण्यास एवढा अवधी पुरेसा आहे.

तेव्हा या लेखाचे सार एका वाक्यात असे : प्रथम स्नेह काढावा, मग जंतुनाशक लावावे, आणि त्याला काम करण्यास वेळ द्यावा. हा क्रम मोडला तर महागडे द्रव्यही व्यर्थ जाते.

दोन रुग्णांमधील पंधरा मिनिटे

आमच्या चिकित्सालयात दोन अभ्यंगांच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवलेली असतात आणि रुग्णांच्या वेळा त्या धरूनच दिल्या जातात. त्या वेळात पुढील क्रम पाळला जातो.

१. हातमोजे घालून चादर व टॉवेल न झटकता गुंडाळून झाकणाच्या टोपलीत टाकावेत. झटकल्याने कोंडा हवेत उडतो.

२. टाकाऊ कागदाने किंवा जुन्या कापडाने साचलेले तेल टिपून घ्यावे. ते तेल बेसिनमध्ये ओतू नये.

३. गरम पाणी व भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी संपूर्ण पृष्ठभाग घासावा. डोक्याकडून पायाकडे व वरून खाली असा क्रम ठेवावा. कडा, तेल वाहून जाण्याची पन्हळ, निचऱ्याचे छिद्र व हाताने धरण्याच्या जागा विसरू नयेत. थर जुना असल्यास धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी उपयोगी पडते.

४. स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढावा. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. बेंझाल्कोनिअम क्लोराइडसारखी द्रव्ये साबणाच्या अंशाने निष्प्रभ होतात.

५. जंतुनाशक द्रावण लावून पृष्ठभाग सांगितलेला काळ ओला ठेवावा. हायपोक्लोराइटसाठी आम्ही दहा मिनिटे धरतो. लावले आणि लगेच पुसले, तर केवळ वास येतो.

६. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. ओलावा राहिल्यास बुरशीला आमंत्रण मिळते.

प्रत्येक टेबलासाठी व प्रत्येक वेळी धुतलेले वेगळे फडके घ्यावे. दिवसभर एकच फडके बादलीत बुचकळून सर्व टेबले पुसणे म्हणजे पहिल्या टेबलावरचे जंतू शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था होय.

स्वच्छता झाली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या पातळ कागदाचा तुकडा वाळलेल्या पृष्ठभागावर दाबून उजेडात धरावा. पारदर्शक डाग दिसला तर तेल शिल्लक आहे. स्टीलच्या टेबलावर पाण्याचे थेंब टाकूनही पाहता येते : स्वच्छ धातूवर पाणी पसरते, तेलकट धातूवर त्याचे मणी होतात.

अभ्यंगानंतर तेल काढण्यासाठी बेसन किंवा अन्य पीठ वापरण्याची जुनी रीत आहे. रुग्णाच्या अंगावर ती योग्यच. परंतु टेबलाच्या फटीत अडकलेले पीठ, तेल व ओलावा एकत्र आले की ते जंतूंचे अन्न होते. टेबल पिठाने पुसले तरी साबणाने धुणे टळत नाही.

द्रव्य आणि प्रमाण

सोडिअम हायपोक्लोराइट हे स्वस्त व विश्वासार्ह द्रव्य आहे. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर २० मिलिलिटर द्रावणात ९८० मिलिलिटर पाणी मिसळले असता ०.१ टक्क्याचे द्रावण मिळते. साबणाने धुतलेल्या टेबलासाठी ते पुरेसे आहे. रक्त सांडलेल्या जागेसाठी १ टक्क्याचे द्रावण, म्हणजे २०० मिलिलिटर द्रावणात ८०० मिलिलिटर पाणी, घ्यावे. सांडलेल्या रक्तावर प्रथम शोषक कागद अंथरावा, त्यावर द्रावण ओतावे, दहा मिनिटांनी सर्व उचलावे आणि मग जागा धुवावी. मूळ द्रावणाची टक्केवारी बाटलीवर वाचूनच हिशोब करावा. पातळ केलेले द्रावण रोज ताजे करावे आणि अपारदर्शक बाटलीत ठेवावे, कारण उजेड व उष्णता यांनी क्लोरीन उडून जातो. हे द्रव्य आम्लाशी किंवा अमोनियायुक्त द्रव्याशी कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो. धातूवर ते राहू दिल्यास गंज चढतो, म्हणून शेवटचे पुसणे आवश्यक.

अल्कोहोल ७० टक्क्यांचे घ्यावे. ते ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण जंतूंच्या प्रथिनांचे विघटन होण्यास पाण्याचा अंश लागतो. स्टेथोस्कोप, ट्रॉलीची मूठ, विजेची बटणे अशा लहान जागांसाठी ते सोयीचे आहे. मोठ्या टेबलावर ते आपले काम होण्यापूर्वीच उडून जाते. शिवाय आपल्या कक्षात तेल गरम करण्यासाठी शेगडी पेटलेली असते, हे विसरून अल्कोहोल फवारणे जिवावर बेतू शकते. फिनाइल हे लादीसाठी आहे. रुग्णाची त्वचा जेथे टेकते तेथे त्याला स्थान नाही.

टेबल कशाचे असावे?

स्टेनलेस स्टील व अखंड फायबरचे टेबल स्वच्छतेस उत्तम. रेक्झिनची गादी शिवण उसवलेली वा भेग पडलेली असेल तर आतील स्पंज तेल व घाम शोषून घेतो आणि तो कशानेही स्वच्छ होत नाही. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये, आवरण बदलावे.

काष्ठद्रोणीचा प्रश्न नाजूक आहे. विशिष्ट वृक्षांच्या काष्ठाची द्रोणी ही केरळीय परंपरेची देणगी आहे आणि तिच्याविषयी आपणा सर्वांना आदर आहे. परंतु लाकूड सच्छिद्र असते. त्यात मुरलेल्या तेलावर जंतुनाशकाचा परिणाम खात्रीचा नसतो. काष्ठद्रोणीचा त्याग करावा असे आमचे म्हणणे नाही. भेगा बुजवून घ्याव्यात, प्रत्येक रुग्णासाठी संपूर्ण द्रोणी झाकेल असे प्लास्टिकचे आवरण बदलावे, आणि त्वग्विकार वा व्रण असलेल्या रुग्णासाठी स्टीलचे वा फायबरचे टेबल वापरावे. अशा रुग्णांना दिवसाची शेवटची वेळ द्यावी, म्हणजे त्यानंतर सावकाश व संपूर्ण स्वच्छता करता येते.

टेबलाखेरीज

हात हाही एक पृष्ठभागच आहे, आणि तो सर्वाधिक फिरणारा आहे. तेलकट हातांवर अल्कोहोलयुक्त द्रव चोळून उपयोग नाही. साबण व पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवावे लागतात. परिचारकांची नखे कापलेली असावीत व बोटांत अंगठ्या नसाव्यात.

तेलाची मोठी बाटली तेलकट हाताने उचलली जाते आणि नेमकी तीच कधी धुतली जात नाही. प्रत्येक रुग्णासाठी लागेल तेवढे तेल वेगळ्या वाटीत काढावे व उरलेले बाटलीत परत ओतू नये. शिरोधारेचे तेल एका रुग्णाचे दुसऱ्याला कदापि वापरू नये. धारापात्राची वर्तीही प्रत्येक रुग्णाची वेगळी असावी. तक्रधारेचे तक्र त्याच दिवशी टाकून द्यावे.

स्वेदपेटीचा आतील भाग, स्टूल व मानेभोवतीची कड प्रत्येक रुग्णानंतर धुवावी. दिवसाअखेरीस वाफेच्या भांड्यातील पाणी काढून टाकावे आणि पेटी उघडी ठेवून वाळू द्यावी. तेलकट टॉवेल धुण्याचा सोडा घालून अतिशय गरम पाण्यात धुवावेत व उन्हात वाळवावेत. ड्रायरमधून काढलेल्या तेलकट कपड्यांचा गरम ढीग तसाच ठेवू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

जलौकावचरणात एका रुग्णाला लावलेली जळू दुसऱ्या रुग्णाला लावू नये. जळू सुटल्यावरही दंशस्थानातून कित्येक तास रक्त पाझरते, म्हणून टेबलावर जलरोधक आवरण हवे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत, याचे स्मरण ठेवावे. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, बस्तीचे कॅथेटर व हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या पारदर्शक छिद्ररोधक डब्यात आणि काचेच्या वस्तू निळ्या खुणेच्या पेटीत जाव्यात.

धूपनाचे स्थान

सुश्रुतसंहितेत व्रणितागारासाठी सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सांगितले आहे. मग साबण व क्लोरीन कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर चरकसंहितेतच मिळते. शारीरस्थानात कुमाराच्या शय्या, आसन व आस्तरण यांविषयी सांगताना, घाम, मळ व जंतूंनी युक्त वस्त्रे वर्ज्य मानली आहेत. आणि दुसरी उपलब्ध नसल्यास तीच उत्तम धुऊन, धूपित करून, शुद्ध व शुष्क स्थितीत वापरावीत असे म्हटले आहे. यातील क्रम लक्षात घ्यावा : प्रक्षालन आधी, धूपन नंतर. न धुतलेल्या द्रोणीवर धूप फिरविल्यास तेलावर काजळी तेवढी बसते. कक्षाचे धूपन दिवसाअखेरीस, स्वच्छतेनंतर, कक्षात रुग्ण नसताना करावे. तमकश्वासाच्या रुग्णाला धूर बाधतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कक्ष हवेशीर करूनच कामास प्रारंभ करावा.

औषधनिर्माते व विक्रेत्यांना विनंती

औषधनिर्मितीच्या जागेतील स्वच्छतेचे निकष २००० मध्ये अधिसूचित झालेल्या 'शेड्यूल टी'ने घालून दिले आहेत. परंतु स्वच्छ जागेत सिद्ध झालेले तेल पाच लिटरच्या डब्यातून चिकित्सालयात आले, की त्याची शुद्धता प्रत्येक बुडविलेल्या वाटीबरोबर कमी होते. एका रुग्णाच्या एका वेळच्या अभ्यंगास पुरेल असे लहान पॅकिंग अथवा पंपाचे झाकण असलेली बाटली उपलब्ध करून दिल्यास वैद्यांचे काम सुकर होईल. विक्रेत्यांनी हायपोक्लोराइट उन्हात वा गरम जागी ठेवू नये; निर्मितीची तारीख पाहून जुना साठा आधी संपवावा व तो खाण्याच्या औषधांपासून दूर ठेवावा. एकदाच वापरायची बस्ती कॅथेटर, ड्रॉपर व टेबलाची आवरणे त्यांच्याकडे सहज मिळाली, तर लहान गावातील वैद्यालाही सबब उरणार नाही.

या सर्वांस खर्च किती? साबण, सोडा, हायपोक्लोराइट आणि काही डझन फडकी. खरा खर्च वेळेचा आहे : दोन रुग्णांमधील पंधरा मिनिटे. तो वेळ दिल्याने दिवसाकाठी एखादा रुग्ण कमी होईल. न दिल्यास किती रुग्ण परत येत नाहीत, हे आपल्या नोंदवहीत कधी दिसत नाही.

वैद्यबंधुभगिनींना एकच विनंती. उद्या सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी आपल्या द्रोणीवर पांढऱ्या कागदाचा एक तुकडा दाबून तो उजेडात धरावा. पुढे काय करावयाचे, ते तो कागदच सांगेल. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.